मॅन्युअलमधला कोणता मजकूर गोठवावा, आणि किती?

पत्रातून आलेला प्रश्न असा आहे. नागपुरातल्या काही ग्रंथपालांनी मिळून कोहा या मुक्त ग्रंथालय-सॉफ्टवेअरचे मराठी मॅन्युअल स्वतंत्रपणे लिहिले आहे. ते जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्सखाली, म्हणजे जीएफडीएलखाली, सोडायचे त्यांच्या मनात आहे. कारण एवढेच की त्या परवान्यात पुस्तकाचे काही भाग ‘इन्व्हेरियंट’ जाहीर करता येतात. बाकी पुस्तक कोणीही बदलावे, त्या भागांना मात्र हात लावू नये. गटाच्या यादीत पाच गोष्टी आहेत: ज्यांनी हे काम सुरू केले त्या दिवंगत सरांचे सहा पानी मनोगत, दोन ओळींची अर्पणपत्रिका, छपाईचा खर्च उचलणाऱ्या ट्रस्टचा दोन पानी परिचय, मराठी नावांच्या तालिकीकरणावरचे, म्हणजे ग्रंथसूचीत ती कशी नोंदवायची यावरचे प्रकरण (यावर म्हणे वर्षभर वाद झाले), आणि मुखपृष्ठावरची एक ओळ, ‘हे पुस्तक मोफत मिळते, विकत घेऊ नका’. यातले किती गोठवणे रास्त?

माझे उत्तर थोडक्यात: मनोगत गोठवा, तेही वेगळ्या पद्धतीने. बाकीच्या चारांपैकी एकही नाही. मुक्त सॉफ्टवेअरचे दस्तऐवज लिहिणे, त्यांची भाषांतरे करणे आणि परवान्यांची भांडणे सोडवणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम आहे. मी वकील नाही, तेव्हा शेवटी जो कायद्याचा भाग येईल तो सही करण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

‘बदलू नका’ ही एक मागणी झाली आणि ‘काढू नका’ ही दुसरी. तुमच्या पत्रात त्या एकत्र आल्या आहेत, आणि जीएफडीएलमध्येही त्या एकत्रच आहेत. गोंधळाचे मूळ इथेच आहे, म्हणून त्या आधी सुट्या करून बघू.

नुसत्या ‘बदलू नका’ला मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात कोणाची फारशी हरकत नसते. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या मजकुरावरच लिहिले आहे की हा दस्तऐवज जसाच्या तसा वाटा, त्यात बदल करायला परवानगी नाही. ते योग्यही आहे. प्रत्येकाने आपापल्या सोयीने कलमे फिरवून वर नाव ‘जीपीएल’च ठेवले, तर कोणाला काय हक्क मिळाले हे कळायचेच नाही. तसेच कोणाच्या सहीचे मत. सरांनी मनोगतात लिहिले असेल की खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयालाही संगणकीकरणाचा हक्क आहे, तर ते वाक्य फिरवून त्यांच्याच नावाखाली छापण्याचा अधिकार कोणालाही नसावा. मत बदलण्याचा हक्क मत मांडणाऱ्याचाच असतो आणि सर तर आता नाहीत.

‘काढू नका’चे तसे नाही. त्याचा भार पुस्तक वापरणाऱ्यावर पडतो, आणि पुस्तकाचा जो सर्वांत छोटा तुकडा कोणी वापरेल त्याच्यावर सर्वांत जास्त पडतो. समजा भिवापूरच्या एका वाचनालयाला तुमच्या मॅन्युअलमधले फक्त देवघेवीचे एक पान हवे आहे. पुस्तक देणे, परत घेणे, दंड लावणे एवढे एका पानावर छापून काउंटरवर चिकटवायचे आहे. जीएफडीएलच्या भाषेत, मूळ पुस्तकाचा अंश असलेले काहीही ‘मॉडिफाइड व्हर्जन’ ठरते आणि त्यात सगळे इन्व्हेरियंट भाग जसेच्या तसे ठेवावे लागतात. शिवाय परवान्याचा पूर्ण मजकूरही जोडावा लागतो. म्हणजे एका पानाच्या तक्त्यामागे सहा पानांचे मनोगत, दोन पानांचा ट्रस्टचा परिचय आणि वर परवान्याची पाने. काउंटरवर काय चिकटवायचे?

परवाना लिहिणाऱ्यांना मर्यादेचे भान नव्हते असे नाही. इन्व्हेरियंट होऊ शकणारा भाग आधी ‘सेकंडरी’ असावा लागतो. म्हणजे तो लेखक-प्रकाशकांच्या विषयाशी असलेल्या नात्याबद्दलच असला पाहिजे, मूळ विषयातले त्यात काहीही येता कामा नये. गणिताच्या पुस्तकाच्या अशा भागात गणित समजावता येणार नाही, असे उदाहरणही परवान्यातच दिले आहे. मुखपृष्ठावरच्या सक्तीच्या मजकुराला पाच शब्दांची मर्यादा आहे, मलपृष्ठावरच्याला पंचवीस. या मर्यादा चांगल्याच आहेत. पण गंमत बघा, मुखपृष्ठाचे शब्द मोजून देणाऱ्या या परवान्यात इन्व्हेरियंट भागांच्या लांबीला कसलीच मर्यादा नाही. सहा पाने चालतात, साठही चालतात.

याच मुद्द्यावर डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या लोकांनी मार्च २००६मध्ये मतदान घेतले. निकाल असा लागला की न बदलता येणारे भाग नसतील तर जीएफडीएलखालचे दस्तऐवज मुक्त मानायचे, असतील तर नाही. बरेच जण सांगतात की डेबियनने जीएफडीएल नाकारली. ते अर्धवट आहे, डेबियनने गोठवलेले भाग नाकारले. त्याचा फटका खुद्द जीएनयूच्याच ईमॅक्स या मजकूर-संपादन प्रोग्रॅमच्या मॅन्युअलला बसला, कारण त्यात १९८५चा जीएनयू जाहीरनामा इन्व्हेरियंट म्हणून आहे. ईमॅक्स डेबियनच्या मुख्य विभागात मिळतो आणि त्याचे मॅन्युअल ‘नॉन-फ्री’ विभागात. मुक्त सॉफ्टवेअरचा जाहीरनामा सोबत आहे म्हणून मॅन्युअल अमुक्त ठरले, ही स्थिती दोन्ही बाजूंना शोभणारी नाही, पण डेबियनचे तर्कशास्त्र मला पटते. त्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक सवलतही आहे: मूळ सोर्स कोड जसाच्या तसा ठेवून बदल पॅच फाइलमध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये द्या अशी अट लेखक घालू शकतो. ही तडजोड आहे, असे ते स्वतःच तिथे लिहितात. म्हणजे मूळ जपण्याला त्यांचा विरोध नाही. बदलाची वाट बंद करण्याला आहे.

आता साठत जाण्याचा प्रश्न. तुमचे पुस्तक छिंदवाड्याच्या मंडळींनी घेतले आणि हिंदीत आणले, असे धरू. नागपूर-छिंदवाडा हे येणेजाणे जुनेच आहे, तेव्हा हे होणारच. जीएफडीएलनुसार इन्व्हेरियंट भागाचे भाषांतर मूळ मजकुराच्या सोबत देता येते. मूळ काढून त्याच्या जागी फक्त भाषांतर ठेवायचे तर हक्कधारकाची खास परवानगी लागते. म्हणजे हिंदी पुस्तकात सरांचे सहा पानी मराठी मनोगत आणि वर त्याचे सहा पानी हिंदी भाषांतर. मग छिंदवाड्याचे लोक स्वतःची प्रस्तावना लिहितील, तीही इन्व्हेरियंट जाहीर करतील, कारण तो हक्क त्यांनाही आहे. दोन वर्षांनी त्यांनी दंडाच्या नियमांवरचे प्रकरण तुमच्याहून चांगले केलेले असेल आणि ते तुम्हाला परत मराठीत आणावेसे वाटेल. मग त्यांची प्रस्तावनाही आणा. लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांच्या यादीसारखे आहे हे, नाव घालायला कोणाची ना नसते आणि गाळायची कोणाची छाती नसते.

हे कल्पनाचित्र नाही, असे घडून गेले आहे. बीएसडी या संगणक-प्रणालीच्या जुन्या परवान्यात अट होती की सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा उल्लेख करावा. पुढे प्रत्येकाने त्या वाक्यात आपापले नाव घातले. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी तिच्यातून निघालेल्या नेटबीएसडीच्या १९९७च्या एका आवृत्तीत अशी ७५ वाक्ये मोजली. जुलै १९९९मध्ये विद्यापीठाने ती अट काढून टाकली. आणि पुढच्याच वर्षी, मार्च २०००मध्ये, स्टॉलमन यांच्याच फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने इन्व्हेरियंट भागांची तरतूद असलेली जीएफडीएल प्रसिद्ध केली. मला या माणसाबद्दल आदर आहे, पण इथे त्यांचाच हिशेब त्यांच्याविरुद्ध जातो.

तालिकीकरणाच्या प्रकरणावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमची खरी भीती तिथे आहे आणि ती चुकीच्या जागी वळली आहे.

पहिली गोष्ट, ते प्रकरण इन्व्हेरियंट होऊच शकत नाही. कोहाच्या मॅन्युअलमध्ये तालिकीकरण हा मूळ विषयच आहे, म्हणून तो भाग ‘सेकंडरी’ नाही. जीएफडीएल लावून त्यावर ‘इन्व्हेरियंट’ असा शिक्का मारला तर तो परवान्याचा चुकीचा वापर होईल आणि पुढे जो पुस्तक घेईल त्याला नक्की काय बंधनकारक आहे याचा पत्ता लागणार नाही.

दुसरी गोष्ट, ते गोठवता आले असते तरी गोठवू नये. ग्रेस यांची पुस्तके ‘ग्रेस’ या नावाखाली नोंदवायची की ‘गोडघाटे, माणिक’ या नावाखाली? तुम्ही ‘ग्रेस’ हे मुख्य शीर्ष ठेवून मार्क या संगणकीय नोंदपद्धतीतल्या अधिकृत नोंदीत ४०० या पर्यायी नावाच्या रकान्यात मूळ नाव दिले असेल. नागपुरात तरी गोडघाटे शोधत कोणी येणार नाही, तेव्हा ठीकच. पण दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाची परंपरा वेगळी असेल, तर त्यांना त्यांच्या मॅन्युअलमध्ये वेगळे लिहिता आले पाहिजे. शिवाय नियमच बदलतात. एएसीआर२ या जुन्या तालिकीकरण-नियमावलीच्या काळात ‘तीनचा नियम’ होता. तिनाहून जास्त लेखक असले की पहिल्याचे नाव देऊन बाकीच्यांना ‘व इतर’मध्ये घालायचे. तिच्या जागी आलेल्या आरडीए नियमावलीने ती मर्यादा काढली, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून आरडीए लागू केले. हे प्रकरण कोणी २०१२ साली लिहून गोठवले असते, तर आज मराठी ग्रंथपालांच्या हातात एक चुकीचे प्रकरण असते आणि ते दुरुस्त करायची कायदेशीर मनाई असती. ज्या मजकुरावर वाचणारा उद्या सकाळी काम करणार आहे, तो मजकूर दुरुस्त करण्याचा हक्क त्याच्याकडे असलाच पाहिजे. यात मी तडजोड करत नाही.

मग वर्षभराच्या कष्टांचे काय? नीट बघितले तर तुमची भीती अशी आहे की कोणीतरी त्यात मोडतोड करेल आणि खाली तुमचेच नाव राहील. त्यासाठी मजकूर गोठवायची गरज नाही, नाव जपायची आहे. फॉन्टवाल्यांनी हे फार चांगले सोडवले आहे. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये मूळ कर्ता फॉन्टचे नाव राखून ठेवू शकतो. अक्षरांचे वळण खुशाल बदला, पण बदललेल्या फॉन्टला ते राखीव नाव देऊ नका. आपल्या मुक्ता, नोटो सान्स देवनागरी या फॉन्टांचा परवाना हाच आहे. जीएफडीएलमध्येही बदललेल्या आवृत्तीला वेगळे शीर्षक द्यावे लागते, आणि ते तिचे मला आवडणारे कलम आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या खुल्या परवान्यांच्या ४.० आवृत्तीत बदल केले असतील तर तसे सांगणे बंधनकारक आहे. मूळ लेखकांचा पाठिंबा असल्याचा आव आणता येत नाही आणि मूळ लेखकाने सांगितले तर शक्य तितपत त्याचे नाव काढावेही लागते. एवढ्या तीन आधारांवर तुमच्या गटाचे नाव सुरक्षित आहे. जोडीला तुमची मूळ पीडीएफ, आवृत्ती क्रमांक आणि तारखेसह, कायमच्या एका जागी ठेवा. वाद झालाच तर ‘आम्ही हे लिहिले होते’ म्हणून दाखवायला ती पुरते.

मुखपृष्ठाची ओळ. ‘हे पुस्तक मोफत मिळते, विकत घेऊ नका’ यात सात शब्द आहेत, पाचांच्या मर्यादेत बसतच नाहीत. पण शब्द कमी करून आणू नका. मुक्त परवान्यात विकण्याचा हक्कही येतो. सीताबर्डीतल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याने बांधणी करून शंभर रुपयांना प्रत विकली, तर तो काही गैर करत नाही. ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्याची सोयच करतो. त्याला सक्तीने ‘विकत घेऊ नका’ छापायला लावणे म्हणजे विक्रीबंदी मागच्या दाराने आणणे. आतल्या पानावर ‘या पुस्तकाची पीडीएफ अमुक ठिकाणी मोफत मिळते’ एवढे साधे लिहा, न गोठवता. गिऱ्हाईक शहाणे असते.

ट्रस्टचा परिचय गोठवण्याला माझा सरळ विरोध आहे. पदाधिकारी बदलतात, पत्ता बदलतो, आणि मग चुकीची आहे हे ठाऊक असूनही लोकांना ती माहिती छापत राहावी लागते. शिवाय दोन पाने परिचय ही जाहिरात झाली, ऋणनिर्देश नव्हे. ‘पहिल्या छपाईसाठी अमुक ट्रस्टचे अर्थसाहाय्य मिळाले’ ही एक ओळ श्रेयनामावलीत घाला. ट्रस्टच्या मंडळींना कसे सांगायचे हा तुमचा प्रश्न. मी असतो तर पहिल्या छापील आवृत्तीत दोन पाने आनंदाने दिली असती आणि पुढच्यांवर सक्ती करणार नाही हे आधीच स्पष्ट केले असते.

अर्पणपत्रिका सोडून द्या. दोन ओळी कोणी मुद्दाम काढत नाही, आणि काढल्या तर ती त्याची आवृत्ती.

आता मी काय करीन ते सांगतो. मुख्य मॅन्युअल सीसी बाय-एसए ४.०खाली (श्रेय द्या, आणि बदललेली आवृत्तीही याच परवान्याखाली सोडा) सोडीन, जीएफडीएलखाली नाही. याला एक फार व्यावहारिक कारण आहे. कोहाचा परवाना जीपीएल ३ आहे. तुमच्या मॅन्युअलमधली वाक्ये उचलून कोहाच्या पडद्यावरच्या मदत-मजकुरात घालावीत असे उद्या कोणाला वाटेल, आणि ती तर या सगळ्याची सर्वांत उपयोगी जागा आहे. जीएफडीएलखालचा मजकूर जीपीएलच्या प्रोग्रॅममध्ये घालता येत नाही, दोन्ही परवाने एकमेकांशी जुळत नाहीत. सीसी बाय-एसए ४.० मात्र ऑक्टोबर २०१५पासून जीपीएल ३शी एका दिशेने जुळते, म्हणजे बाय-एसएचा मजकूर जीपीएलमध्ये नेता येतो, उलट नाही. मराठी विकिपीडियाचा मजकूरही आता बाय-एसए ४.०खाली असतो, त्यामुळे तिकडची देवाणघेवाणही सोपी जाते.

सक्तीने सोबत जाणारा मजकूर किती असावा, याचा माझा ठोकताळा असा: पुस्तकाचा सर्वांत छोटा उपयोगी तुकडा एका पानाचा असेल, तर त्या पानाच्या तळाशी जेवढे मावेल तेवढाच. तीन-चार ओळी. गटाचे नाव, परवान्याचे नाव, मूळ कुठे मिळेल ते, आणि बदल केले असल्यास तसा उल्लेख. जीपीएल ३च्या सातव्या कलमातही लेखकाचे श्रेय आणि कायदेशीर सूचना जपण्याची जादा अट घालता येते, पण त्या ‘वाजवी’ असाव्यात असे तिथे म्हटले आहे. माझ्या मते तीन-चार ओळी वाजवी, सहा पाने नाही.

सरांचे मनोगत वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, त्यांच्या नावाने, तारखेसह, आणि त्याला सीसी बाय-एनडी ४.० (श्रेय द्या, बदललेले रूप वाटू नका) लावा. तुमच्या आवृत्तीत ते पहिल्या पानापासून छापा, अडचण काहीच नाही, दोन स्वतंत्र लेखने एका बांधणीत असू शकतात. ज्याला हवे तो पुढे नेईल, जसेच्या तसे. ज्याला नको तो वगळेल. फक्त बाय-एनडीखाली भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही, म्हणून एक वाक्य वाढवा: ‘या मनोगताचे भाषांतर करण्यास परवानगी आहे. भाषांतरकाराचे नाव द्यावे आणि मूळ मराठी मजकूर कुठे मिळेल ते नमूद करावे.’ नाहीतर छिंदवाड्याच्या वाचकाला सर कोण होते हे कळायचेच नाही.

मनोगत एकदा बारकाईने वाचाही. जुन्या दाखल नोंदवहीतले क्रमांक कोहात कसे चढवावेत असे काही त्यात त्यांनी सांगितले असेल, तर ते मनोगत नसून मॅन्युअल आहे. तेवढा भाग प्रकरणात वेगळा लिहून घ्या, मनोगतात तो राहिला तरी हरकत नाही.

कायद्याचे दोन मुद्दे. सर गेल्यावर मनोगताचा कॉपीराइट त्यांच्या वारसांकडे गेला आहे आणि तो मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहील. ते परवाना देऊ शकतात, गट नाही. त्यांच्याकडून लेखी घ्या. परवानगी ‘जगभरासाठी आणि कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ आहे असे शब्द त्यात हवेतच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असे धरले जाते. ही तरतूद हक्क हस्तांतराची असली तरी परवान्यांनाही लागू केली आहे. दुसरा मुद्दा त्याच कायद्याच्या कलम ५७चा. परवाना कोणताही असो, लेखकाच्या नावाला किंवा प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक दाद मागू शकतो, त्याच्या पश्चात वारसही. म्हणजे सरांच्या शब्दांना कायद्याचे एक संरक्षण आधीपासूनच आहे. इन्व्हेरियंटचे कुलूप त्यासाठी लागत नाही.

आणि हे सगळे आत्ता करा. सध्या पुस्तकात फक्त तुमच्या गटाचे लेखन आहे, तेव्हा प्रत्येकाची लेखी संमती घेऊन परवाना ठरवणे म्हणजे एका संध्याकाळची बैठक. एकदा बाहेरच्यांच्या दुरुस्त्या आत आल्या की परवाना बदलायला त्या सगळ्यांच्या सह्या लागतील, आणि त्यांतले निम्मे बदली होऊन गेलेले असतील, फोन लागणार नाहीत.